अंगावर येणाऱ्या कोंबड्याचं काय करायचं

अगं, तू काकू म्हणून विचारलंस म्हणून मी पण अगं-तुगंच लिहिते, राग मानू नकोस. बाकीच्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. इंदूरजवळ राऊला तुझ्या घरामागच्या अंगणात सात कोंबड्या आणि दोन कोंबडे, दोघे भाऊ. मागच्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती तेव्हा तुझ्या मुलीने खोक्यात बल्ब लावून हातावर वाढवलेले. आता नऊ महिन्यांचे झालेत. त्यातला तांबडा, जो तिच्या मांडीवर झोपायचा, तो दिवाळीनंतर हळूहळू बिघडला, आधी तुझ्या चपलेला चोच मारायचा, मग सासूबाईंच्या मागून येऊन पोटरीवर उडी, आणि गेल्या रविवारी मुलीच्या मांडीवर चांगला ओरखडा काढला. नवरा म्हणतो एक सणसणीत लाथ घाल, शेजारचे म्हणतात "भाभी, इसको तो निपटा ही दो", सासूबाई म्हणतात गावी पाठवून दे आणि मुलगी रडून रडून जेवत नाहीये. तू विचारतेस हा सुधारेल का.

मी तिल्लोरच्या बाजूला एकवीस वर्षं कोंबड्या पाळतेय, सुरुवात सहा देशी तलंगांपासून, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांपासून, केली होती, आज साठ-पासष्ट पक्षी असतात. या काळात अंगावर येणारे कोंबडे मी आठ-दहा तरी पाहिलेत, काही सुधारले, काही नाही सुधारले. तेव्हा सरळ सांगते, नऊ महिन्यांच्या कोंबड्याच्या बाबतीत अजून आशा आहे, दोन वर्षांचा असता आणि वर्षभर तुम्हाला पळवत आला असता तर मी वेगळं लिहिलं असतं. पण आशा आहे म्हणून मुलीला आत सोडायचं असं नाही. आजपासून मुलगी आणि सासूबाई दोघीही तो मोकळा असताना जाळीच्या आत जाणार नाहीत, अंडी काढायला पण नाही, "मी आहे ना बरोबर" असं म्हणून पण नाही. सहा वर्षांच्या मुलीचा चेहरा, विशेषतः खाली वाकलेली असली की, बरोबर त्याच्या उडीच्या उंचीला येतो. डोळ्याला नखी लागली तर मग बाकीचं सगळं बोलणं फुकट आहे.

आता तो असं का करतोय ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. लोक म्हणतात कोंबडा माजलाय, आणि ते एका अर्थाने खरंच आहे, पाच-सहा महिन्यांचा झाला की नराच्या अंगात हॉर्मोन चढायला लागतात, तुरा लाल होतो, आरवायला लागतो, कोंबड्यांच्या मागे लागतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की उजेडामुळे हे आणखी वाढतं, म्हणून माझ्याकडच्या सगळ्या मारामाऱ्या होळी ते रंगपंचमीच्या आसपास होतात, तिकडे इंदूरला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते आणि इकडे माझ्या अंगणात वेगळीच धुळवड चालू असते. पावसाळा सरताना पिसं गळायला लागली की हेच कोंबडे गरीब गाईसारखे कोपऱ्यात बसतात. म्हणजे तुझा तांबडा आत्ता फेब्रुवारीत जसा आहे त्याच्यापेक्षा पुढच्या महिन्या-दीड महिन्यात थोडा जास्तच तापेल, ते धरून चाल.

पण माज दोघा भावांना सारखाच आला असेल, मग एकच का अंगावर येतो? थोडं रक्तात असतं, ते कुणाच्या हातात नाही. पण मोठी गोष्ट ही की त्याला माणसाची भीती कधी लागलीच नाही. खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या मागे वाढतं, मोठ्या कोंबड्या त्याला टोच मारून मारून रीत शिकवतात, मोठा कोंबडा असला तर तो दाबून ठेवतो, आणि माणूस म्हणजे दूरची, मोठी, जरा जपून राहायची गोष्ट असं त्याच्या डोक्यात बसतं. तुझ्या तांबड्याला आई नाही, मोठा कोंबडा नाही, त्याचा कळप म्हणजे तुझी मुलगी. वयात आल्यावर कोंबडा आपल्या कळपात आपला नंबर कुठला ते लढून ठरवतो. तो तुमच्याशी दुष्टपणा करत नाहीये गं, तो तुम्हाला कोंबडं समजतोय. मुलीला हे सांग, की तू लाड केलेस म्हणून त्याने तुझा विश्वासघात केला असं नाही, तो तुला आपल्यातलंच समजला. तिला याचं खूप वाईट वाटत असणार.

म्हणून लाथ चुकीची आहे. दया म्हणून सांगत नाही, दया आहेच, पण लाथ मारली की तू त्याच्या झुंजीत उतरलीस. कोंबड्याची झुंज कशी चालते बघितलंयस का, समोरासमोर उभे राहतात, एक उडी मारतो, दुसरा उलट उडी मारतो, जो वळून पळाला तो हरला. तू लाथ मारलीस म्हणजे उलट उडी मारलीस, तो परत येणार. तू पळालीस तर तू हरलीस, तो उद्या जास्त जोरात येणार. झाडू हलवणं, बाटलीतलं पाणी मारणं, आरडाओरडा, हे सगळं त्याच हिशोबात जातं, दोन दिवस बिचकतो आणि मग झाडू दिसला की आधीच फुलून येतो. शिवाय लाथेने कोंबड्याची छातीची हाडं मोडतात, पाय मोडतो, मी एक असा कोंबडा बघितलाय जो लाथ खाऊन लंगडा झाला आणि तरी अंगावर यायचा थांबला नाही. आपल्याला या खेळातूनच बाहेर पडायचंय, घाबरायचं पण नाही आणि भांडायचं पण नाही, एखाद्या झाडासारखं किंवा म्हशीसारखं राहायचं. म्हशीशी कुठला कोंबडा भांडतो?

आता खुणा. कोंबडा अचानक उडी मारत नाही, आपल्याला तो अचानक वाटतो कारण आपण बघत नसतो. आधी तो चरायचं थांबतो आणि एका डोळ्याने तुझ्याकडे बघतो, मान थोडी तिरकी करून. मग सरळ न येता तिरका तिरका, बाजूबाजूने सरकत येतो, जणू दुसरीकडेच निघालाय. एक पंख खाली सोडून जमिनीला घासत गोल पावलं टाकतो, लोक म्हणतात बघा नाचतोय, तो नाच कोंबडीसमोर केला तर वेगळा आणि तुझ्यासमोर केला तर सरळ आव्हान आहे. मग जमिनीवर उगाचच टोचा मारतो, खायला काही नसताना, आणि शेवटी मान खाली घालून मानेची पिसं छत्रीसारखी फुलवतो. तिथपर्यंत गेला की पुढची गोष्ट उडीच. तू पंख सोडण्याच्या टप्प्यालाच ओळखायला शीक, चार दिवस जाळीच्या बाहेर खुर्ची टाकून नुसतं बघ, चहा घे आणि बघ, तुला सगळं कळायला लागेल. आणि हेही बघ की तो कशाला चिडतो, कोंबड्यांना रंग छान कळतात, माझ्याकडे एक होता तो फक्त माझ्या जावेच्या जांभळ्या गाऊनवर जायचा, गाऊन बदलला की प्रश्न संपला. लोंबणारी ओढणी, साडीचा पदर, फडफडणारा सलवार याने पण बरेच कोंबडे भडकतात. जाताना जाड जीन्स आणि गमबूट घाल, ते तुझ्या हिमतीसाठी पण चांगलं आहे, कारण पाय सुरक्षित असले की माणूस आपोआप मागे सरकत नाही.

आत जाताना हातात मोठी प्लास्टिकची बादली किंवा घमेलं ने, मारायला नाही, मध्ये धरायला. दार उघडलं की पहिल्यांदा मूठभर बाजरी किंवा ज्वारी तुझ्यापासून लांब, पाच-सहा हात दूर फेक. हातातून खाऊ घालायचं आता पूर्ण बंद, मुलीनेही नाही, जाळीतून बिस्किट नाही, काही नाही. तुझं येणं म्हणजे दाणे तिकडे पडणार असं त्याच्या डोक्यात बसू दे. तो आलाच तिरका तिरका तर थांब, तोंड त्याच्याकडे ठेव, बादली पायांसमोर धर, आणि उभी राहा. मागे जाऊ नको, पुढे पण धावून जाऊ नको. उडी मारली तर बादलीवर आपटू दे, बादली त्याच्या अंगावर मारू नकोस, नुसती धरून ठेव. दोन-तीन वेळा मारेल. मग जेव्हा तो नजर काढेल, बाजूला वळून टोचायला लागेल किंवा पिसं झटकेल, तेव्हा तू शांतपणे आपल्या कामाला लाग. तो वळला की मगच तू हलायचं, हे लक्षात ठेव, त्याच्या आधी नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील आणि हाताला रग लागेल, आठव्या दिवशी एक मिनिट लागेल. आणि त्याच्यासमोर कोंबडी पकडायची नाही. कोंबडी ओरडली की त्याचं काम सुरू होतं, ते त्याचं खरं काम आहे, त्याला दोष देता येत नाही. कोंबडी तपासायची असेल तर रात्री काढ.

रात्रीचंच दुसरं काम, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झालाय. अंधार पडला की कोंबड्याला नीट दिसत नाही आणि तो गपगार असतो. बारीक टॉर्च घेऊन खुराड्यात जा, दांडीवरून त्याला दोन्ही हातांनी पंखांवरून धरून उचल, डाव्या बगलेत घे, त्याचं तोंड तुझ्या पाठीकडे, आणि उजव्या हाताने दोन्ही पाय धर, एक बोट दोन पायांच्या मध्ये घालून, म्हणजे पाय एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि नख्याही तुझ्या हातात राहतात. पहिल्या दोन-तीन दिवशी अंगावर जुना टॉवेल टाकून उचल. असंच दहा मिनिटं अंगणात फिर, भांडी आवर, फोनवर बोल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. सुरुवातीला त्याचं अंग लाकडासारखं ताठ असेल, मग एका क्षणी वजन सैल पडतं, मान खाली येते, डोळे मिटायला लागतात, तुला तुझ्या हाताला कळेल. सैल पडला की मग खाली ठेव, पायांवर, टाकायचं नाही. धडपडत असताना सोडलंस तर त्याला कळलं की धडपडलं की सुटका होते. छाती घट्ट आवळायची नाही, पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते, तू आवळलंस तर तो गुदमरेल. उलटा धरून लटकवायचं तर अजिबात नाही, बाजारात धरतात तसं, पोटातलं पाणी-दाणा घशात येतो. मान जमिनीला दाबून धरायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच, मी पूर्वी करायचे, आता करत नाही, एक कोंबडा त्याने आणखी बिथरला आणि मला दाबायचं किती हे कधी नीट समजलं नाही. आणि पुढे एप्रिल-मे मध्ये इंदूरचा पारा चाळीसच्या वर गेला की दुपारी कधी धरू नकोस, कोंबड्याला घाम येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकूनच तो अंग थंड करतो.

रोज रात्री धरलंस की आणखी एक फायदा, अंग तपासून होतं. कधी कधी कोंबडा दुखतंय म्हणून चिडका होतो. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी बारीक उवा-गोचीड आहेत का बघ, तळव्याला फोड आहे का, एक डोळा पांढुरका झालाय का, एका बाजूने दिसत नसलं की दचकून हल्ला करतात. तुझा हळूहळू बिघडलाय म्हणजे बहुतेक असं काही नसेल, पण बघून घ्यायला काय जातं. तुमच्या तिथून महूचं व्हेटर्नरी कॉलेज काही लांब नाही, शंका वाटली तर तिकडे दाखव.

पायामागचा काटा पण तेव्हाच बघ. नऊ महिन्यांचा आहे म्हणजे अजून अर्ध्या इंचाच्या आसपास असेल, पण वर्षा-दोन वर्षांत तो दीड-दोन इंच वाढून सुरीसारखा होतो. वरून नखासारखा टणक, आत हाड आणि रक्त. म्हणून कापायचा नाही, फक्त टोक कानशीने घासून गोल करायचं, एकाने धरायचं आणि एकाने घासायचं, जोंधळ्याच्या दाण्याइतकं टोक गेलं तरी पुरे. चुकून रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा हळद दाबून धर पाच मिनिटं. याने त्याचा स्वभाव बदलणार नाही, जखम कमी होईल एवढंच, आणि कोंबड्यांच्या पाठी पण वाचतील. तुझ्या कोंबड्यांच्या पाठीची पिसं उडालीयत का, डोक्यामागे टक्कल दिसतंय का, ते मला सांग. मला वाटतं दिसत असणार.

कारण तुझं गणितच चुकलंय. सात कोंबड्यांना दोन कोंबडे फार झाले. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ, आणि नुसती खायची अंडी हवी असतील तर एकही लागत नाही, हे अजून बऱ्याच लोकांना माहीत नाही, कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. म्हणजे तुला कोंबडा ठेवायलाच पाहिजे असं नाही. मी ठेवते कारण चांगला कोंबडा कळपाला खूप काही देतो. घार दिसली की एक आवाज, मुंगूस-मांजर दिसलं की दुसरा आवाज, आणि कोंबड्या त्या त्या आवाजाला वेगवेगळं वागतात, घारीला झुडपाखाली दबतात आणि मांजराला माना वर करून उभ्या राहतात, हे मी रोज बघते. किडा सापडला तर स्वतः खात नाही, कुकूकू करून कोंबड्यांना बोलावतो, चोचीत उचलतो, खाली ठेवतो. अशा कोंबड्यासाठी पंधरा-वीस दिवस मेहनत करायला हरकत नाही.

आता दुसऱ्या भावाचं बोलू, तो काळा-पांढरा, ज्याला तू "गरीब आहे बिचारा" म्हटलंयस. तांबडा काढला की हा शहाणा कोंबडा आपल्याकडे राहील असं तुला वाटतंय ना, तिथे सावध हो. तो गरीब असेलही, पण कदाचित तो फक्त दबलेला असेल. वरचा गेला की खालचा वर चढतो आणि पंधरा दिवसांत त्याचा आवाज, चाल, सगळं बदलतं. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, शिरजोर कोंबडा देऊन टाकला आणि महिन्याभरात त्याचा मुका भाऊ पोटरीला चावायला लागला. म्हणून घाईने तांबड्याचा निकाल लावायच्या आधी त्याला वेगळं कर. डालग्याखाली, म्हणजे टोपलीखाली, डालून नाही, दिवसभर डालून ठेवलेला कोंबडा सोडल्यावर दुप्पट पिसाटतो. सहा बाय चार फुटांची तारेची जाळी लावून कोपऱ्यात वेगळी जागा कर, सावली, पाणी, बसायला दांडी, आणि मध्ये पत्रा किंवा गोणपाट बांध म्हणजे दोघे दिवसभर एकमेकांना बघून तारेवर डोकं आपटणार नाहीत. एकवीस दिवस तसं राहू दे. तांबड्यावर तुझा रात्रीचा रियाज चालू ठेव आणि दिवसा काळ्या-पांढऱ्याकडे लक्ष ठेव, तो कसा वागतो. एकवीस दिवसांनी तुझ्यासमोर दोघांचाही खरा स्वभाव असेल. मग एकच ठेवायचा. आणि जो ठरेल तो ठरेल, पण दोघांना परत एकत्र सोडलंस तर पुन्हा पहिल्यापासून झुंज होईल आणि तेव्हा रक्त निघेल, तुऱ्याला जखम झाली की थांबत नाही आणि लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या पण टोचायला लागतात. फार तर दोघांनाही कोंबड्यांपासून तोडून एकत्र ठेवता येतं, भांडायला मादीच समोर नसली की नर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात, पण त्याला जागा पाहिजे, कॉलनीच्या अंगणात ते होणार नाही.

जातीबद्दल तू विचारलंस, हाटातून आणलेल्या अंड्यांची होती म्हणालीस, मान उंच, पाय लांब, शेपूट कमी, म्हणजे थोडं असीलचं, झुंजीच्या जातीचं, रक्त असेल. लोक लगेच म्हणतात असील म्हणजे खुनशी. एवढं सरळ नाही ते. असील दुसऱ्या कोंबड्याला सोडत नाही हे खरं, पण माणसाला तो बऱ्याचदा अतिशय शांत असतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तो हाताळून हाताळून वाढवलाय, जो धन्याच्या हाताला चावला तो ठेवलाच नाही. आपल्या झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, तो माझ्याकडे तरी लढण्यापेक्षा उडून पळण्यात हुशार निघाला. जात एक अंदाज देते एवढंच, बघायचं ते समोरच्या पक्ष्याकडे. पण एक पक्कं, अंगावर येणाऱ्या कोंबड्याची अंडी उबवायची नाहीत, सुधारला तरी नाही. स्वभाव पिल्लांत उतरतो.

आता माझी गोष्ट सांगते, कारण सासूबाईंचं वाचून मला ती आठवली. दहा-अकरा वर्षांपूर्वी एक सुरेख सोनेरी कोंबडा होता माझ्याकडे, इतका देखणा की येणारा माणूस थांबायचा. तो माझ्या आईवर जायचा. मी म्हणायचे, अगं तू घाबरतेस म्हणून येतो, काठी घेऊन जात जा. आईला शुगर होती. एका सकाळी तिच्या नडगीवर त्याचा काटा घुसला, भोक तांदळाएवढं, रक्त पण फार नाही, आम्ही हळद लावून विसरलो. पाचव्या दिवशी पाय सुजून लाल झाला, ताप आला, आणि ती जखम भरायला दोन महिने गेले, रोज ड्रेसिंग, रोज आईचं "काही नाही गं, ठीक आहे". कोंबड्याचा काटा आत खोल जातो आणि तोंड लगेच बंद होतं, घाण आतच राहते, हे मला तेव्हा कळलं. कोंबडा मी त्याच आठवड्यात काढला, पण आईला पहिल्यांदा टोच बसली तेव्हाच काढायला पाहिजे होता, हे मला आजही वाटतं. म्हणून सासूबाईंना शुगर आहे का, पायाच्या नसा फुगलेल्या आहेत का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत का, आजच विचार. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक केस डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आली होती, शहात्तर वर्षांची बाई अंडी काढायला गेली, कोंबड्याने पायावर टोच मारली, ती नेमकी फुगलेल्या नसेवर, आणि रक्तस्रावाने ती गेली. असं क्वचितच होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा पाय आणि चिडका कोंबडा हे एका अंगणात नको.

कुणालाही लागलं तर पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली साबणाने दहा-पंधरा मिनिटं धुवायचं, मग बेटाडिन, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघायचं, आठवत नसेल तर डॉक्टरकडे जायचं. मुलीचा ओरखडा पण दाखव, वरवरचा असला तरी. रेबीजची काळजी करू नकोस, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, कोंबड्याच्या चावण्याने होत नाही. डोळ्याजवळ लागलं तर घरी काही करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आता समजा एकवीस दिवस झाले, तू सगळं नीट केलंस, आणि तरी तो बादलीवर तसाच आपटतोय. किंवा तुझ्याशी शांत झाला पण मुलीला जाळीबाहेर बघून अजून फुलतो. मग तो तुमच्या घरात राहू शकत नाही. तुझ्याकडून काही कमी पडलं असं समजू नकोस, काही कोंबडे सुधारतच नाहीत. मोठी वाडी असलेलं, घरात लहान मूल नसलेलं, वीस-पंचवीस कोंबड्या असलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना दे, पण खरं सांगून दे, की हा अंगावर येतो. लपवून दिलास तर त्यांच्या घरचं मूल आहेच. रस्त्याकडेला किंवा देवळाच्या मागे सोडून यायचं नाही, एका रात्रीत कुत्री फाडतात. आणि "लढनेवाला मुर्गा है क्या" असं विचारत येणारी माणसं असतात, पैसे पण बरे देतात, त्यांना कधीही देऊ नकोस, पायाला पाती बांधतात गं ते. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि राहिला कापायचा पर्याय. तुमच्या घरात खातात असं तू लिहिलंयस. मग मोकळेपणाने सांगते, नीट वाढवलेला, पोटभर खाल्लेला, शेवटच्या दिवसापर्यंत सावलीत राहिलेला कोंबडा जाणत्या माणसाकडून एका झटक्यात जाणं, हे दहा हात बदलत फिरण्यापेक्षा मला बरं वाटतं. त्याला काही औषध दिलं असेल तर ते अंगातून जायचे दिवस भरू दे, मगच काप. फक्त मुलीला खोटं सांगू नकोस. "गावी पाठवला" म्हटलंत तर ती पुढच्या सुट्टीत गावी जाऊन त्याला शोधेल. माझ्या भाचीने शोधला होता, आणि नंतर कितीतरी दिवस ती आमच्याशी धड बोलली नाही. सहा वर्षांच्या मुलीला कळतं, की तो लोकांना दुखवत होता आणि आपण सगळं करून बघितलं. तो जाळीत आहे तोपर्यंत तिला बाहेरून दाणे टाकू दे, मोठ्या डब्याने, लांबून, म्हणजे तिचं नातं एकदम तुटणार नाही.

पुढे नवीन कोंबडा आणायचा झाला तर मोठा, वर्षाचा, कळपात वाढलेला आण, लहान पिल्लू नको, आणि तो मालकाच्या अंगणात कसा वागतो ते अर्धा तास उभं राहून बघून मगच घे. आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळा ठेव, २०२० संपता संपता इथे डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून माझ्याकडे बाहेरचा पक्षी थेट कळपात जात नाही. आणि परत पिल्लं वाढवायचीच असतील तर खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेव, मुलीला बाहेरून बघू दे, नावं ठेवू दे, पण नर ओळखू यायला लागले, साधारण सहा-आठ आठवड्यांनी तुरे लाल व्हायला लागतात, की त्यांना मांडीवर घेणं बंद. तलंगांना घेऊ दे खुशाल, त्यांच्या लाडाने काही बिघडत नाही.

तूर्तास एवढं कर, उद्या सकाळी तार आणि गोणपाट आण, दुपारपर्यंत जाळी उभी कर आणि रात्री त्याला दांडीवरून थेट तिकडे ने, दिवसा पळापळ करून पकडू नकोस. आठ दिवसांनी काळा-पांढरा कसा वागतोय आणि कोंबड्यांच्या पाठी कशा आहेत ते लिही. पिसं गेलेल्या कोंबडीला जुन्या जीन्सच्या तुकड्याचं पाठीवर बांधायचं कापड कसं शिवायचं ते मी तेव्हा सांगते, माप कोंबडीप्रमाणे घ्यावं लागतं, मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी दोऱ्याने मोजून ठेव.